सोर नगरीवरचा निवाडा आणि सोळा वर्षांनी आलेली दुरुस्ती

बायबलच्या जुन्या करारात यहेज्केल संदेष्ट्याचं पुस्तक आहे. त्यातला एकोणतिसावा अध्याय मिसरविषयी, म्हणजे इजिप्तविषयी आहे. नाईलच्या पाण्यात ऐसपैस पसरलेला अजस्र जलचर, त्याच्या जबड्यात अडकवलेले गळ, खवल्यांना चिकटून वर ओढले गेलेले मासे, असं चित्र चालू असतं आणि सतराव्या वचनाशी एकदम नवी तारीख येते: सत्ताविसावं वर्ष, पहिला महिना, पहिला दिवस. मग परमेश्वर संदेष्ट्याला सांगतो की बाबेलचा, म्हणजे बॅबिलोनचा, राजा नबुखद्रेस्सर याने सोर नगरीपुढे आपल्या सैन्याकडून फार कष्ट करवून घेतले. प्रत्येकाच्या डोक्याला टक्कल पडलं, प्रत्येकाचा खांदा सोलवटून निघाला. पण एवढं राबल्याची मजुरी ना राजाला मिळाली, ना सैन्याला.

या ओळी मी पहिल्यांदा नीट वाचल्या त्या आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या अभ्यासवर्गात. आदल्या आठवड्यात आम्ही सव्विसावा अध्याय वाचला होता. त्यात हाच राजा सोर नगरी पार धुळीला मिळवणार, तिची लूट करणार, असं ठासून सांगितलेलं आहे. कॉलेजात शिकणाऱ्या एका मुलीने दोन्ही पानांमध्ये बोटं घालून विचारलं, "मग तिथे सांगितलं ते झालंच नाही, असंच ना?" वर्ग घेणाऱ्या काकांनी अलेक्झांडरचं नाव घेतलं आणि विषय तिथेच मिटवला. माझ्या मनातून मात्र तो मिटला नाही. हिब्रू संदेष्ट्यांच्या लिखाणात परराष्ट्रांवरच्या निवाड्यांची रांगच्या रांग आहे. पण एका निवाड्याचं पुढे काय झालं याची नोंद त्याच संदेष्ट्याच्या पुस्तकात, तारखेसकट सापडते, असं हे दुर्मीळ प्रकरण आहे. म्हणून ते मुळापासून पाहायला हवं.

खडकावरची नगरी

सोर म्हणजे लेबनॉनच्या दक्षिण किनाऱ्यावरचं आजचं सूर. इतिहासाच्या पुस्तकांतून आपल्याकडे 'टायर' हे नाव येतं, पण मराठी पवित्र शास्त्रात हिब्रू नाव जवळजवळ जसंच्या तसं टिकलं आहे. या नावाचा अर्थच खडक. त्या काळी मूळ नगर किनाऱ्यापासून साधारण पाऊण किलोमीटर आत, समुद्रातल्या एका खडकाळ बेटावर होतं. समोरच्या किनाऱ्यावर तिची उपनगरं आणि शेतजमीन होती. इ.स.पू. तेराव्या शतकातल्या एका मिसरी पपायरसमध्ये या नगरीविषयी लिहिलं आहे की तिथे पिण्याचं पाणी होड्यांनी न्यावं लागतं आणि वाळूच्या कणांहून मासे जास्त आहेत. घरात पाणी नाही, पण दारात सगळा समुद्र, असं तिचं जगणं.

या बेटाने अश्शूरच्या, म्हणजे असिरियाच्या, राजांना दमवलं होतं. पाचव्या शल्मनेसराच्या सैन्याने किनाऱ्यावरची नदी आणि पाण्याचे पाट यांवर पहारे बसवले, तर सोरच्या लोकांनी बेटावर विहिरी खणून पाच वर्षं तग धरला, अशी हकिकत पहिल्या शतकातला यहुदी इतिहासकार योसेफस जुन्या फिनिकी, म्हणजे त्या किनाऱ्यावरच्याच लोकांच्या, नोंदींच्या आधाराने देतो. जमिनीवरून चालून येणाऱ्या कोणत्याही राजाला सोर म्हणजे हाताच्या अंतरावरचं पण हाती न लागणारं घबाड होतं. जांभळ्या रंगाचं कापड, काच, देवदाराचं लाकूड आणि भूमध्य समुद्राच्या पार पश्चिम टोकापर्यंत जाणारी जहाजं, ही तिची ताकद.

यरुशलेमशी तिचं नातं जुनं आणि घरोब्याचं होतं. शलमोन राजाचं मंदिर सोरच्या हिराम राजाने पाठवलेल्या लाकडातून आणि कारागिरांच्या हातून उभं राहिलं, आणि बदल्यात शलमोन त्याच्या घरखर्चाला दरवर्षी गहू आणि तेल पाठवत असे. हिराम शलमोनाला 'माझ्या भावा' म्हणतो. पुढे आमोस संदेष्टा सोरवर ठपका ठेवतो तो याच नात्यावरून: यांनी गावंच्या गावं कैद करून अदोमाच्या हवाली केली आणि भाऊबंदकीच्या कराराची आठवण ठेवली नाही. मराठीत भाऊबंदकी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे बांधावरची भांडणं येतात. आमोसला अभिप्रेत आहे तो त्याआधीचा, एका ताटात जेवण्याचा अर्थ.

आरोप काय होता

इ.स.पू. ५९७ मध्ये नबुखद्रेस्सराने यरुशलेम पहिल्यांदा घेतलं आणि तरुण राजा यहोयाखीन, दरबारी, कारागीर, याजक अशा अनेकांना बाबेलला नेलं. त्यांत याजकाच्या घराण्यातला यहेज्केल होता. निप्पूरच्या परिसरातल्या खबार कालव्याकाठी, तेल-अबीब नावाच्या वस्तीत हे लोक राहिले. पुस्तकातल्या तारखा या बंदिवासाच्या वर्षापासून मोजलेल्या आहेत.

त्यानंतर तीन-चार वर्षांनी यरुशलेमात एक बैठक भरली. अदोम, मोआब, अम्मोन, सोर आणि सीदोन यांचे वकील सिद्कीया राजाकडे आले होते आणि बाबेलविरुद्ध उठायचं खलबत चाललं होतं. यिर्मया संदेष्टा गळ्यात लाकडी जू अडकवून तिथे गेला आणि त्याने सगळ्यांना बजावलं की बाबेलच्या जुवाखाली मान द्या. त्याचं कोणी ऐकलं नाही. म्हणजे बंडात सोर ही यहूदाची, यरुशलेमच्या राज्याची, भागीदार होती, हे लक्षात ठेवून पुढचा आरोप वाचायला हवा.

बंड झालं, वेढा पडला, आणि यरुशलेम जळालं. यहेज्केलच्या सव्विसाव्या अध्यायावर अकराव्या वर्षाची तारीख आहे, म्हणजे इ.स.पू. ५८७-५८६, अगदी त्याच पडझडीच्या सुमाराची. आरोपपत्रात एकच वाक्य आहे. सोर यरुशलेमविषयी म्हणाली: बरं झालं! लोकांचा दरवाजा मोडला, तो आता माझ्याकडे उघडला. ती उजाड झाली, आता मी भरून जाईन.

त्यातला 'दरवाजा' हा शब्द व्यापाऱ्याच्या तोंडचा आहे. यहूदाच्या डोंगरातून जाणाऱ्या वाटांवरचं एक जकातीचं नाकं बंद पडलं, एक गिऱ्हाईक अडवणारा कमी झाला, माल आता थेट आपल्या बंदरात येईल, असा हिशेब सोरने बसल्या बसल्या केला. मूर्तिपूजेचा आरोप इथे नाही. हल्ल्याचा नाही. खंडणीचाही नाही. काल ज्यांच्याबरोबर बसून कट केला त्यांच्या घराला आग लागल्यावर शेजाऱ्याने मनात मांडलेला नफ्याचा आकडा, एवढ्याच गोष्टीवर हा खटला उभा आहे. मला हे फार थोर वाटतं. बाकीचे कायदे कृत्यावर चालतात. इथे एका राष्ट्राच्या 'बरं झालं' या उद्गाराची दखल घेतली गेली.

निकाल त्या खडकाच्या नावावरूनच दिला जातो. समुद्र जशा लाटा वर आणतो तशी मी तुझ्यावर पुष्कळ राष्ट्रं आणीन. तुझी माती खरवडून काढून तुला उघडा खडक करीन. तू समुद्रात जाळी वाळत घालायची जागा होशील. पुढे सातव्या वचनात त्या राष्ट्रांतलं एक नाव घेऊन सांगितलं आहे: नबुखद्रेस्सर, राजांचा राजा, घोडे, रथ, स्वार घेऊन उत्तरेकडून येईल. किनाऱ्यावरच्या तुझ्या 'मुली', म्हणजे उपनगरं, तलवारीने पडतील. मग तो मोर्चे बांधेल, मातीचा चढ घालेल, भिंतींना धडका देणारी यंत्रं लावेल, त्याच्या घोड्यांची धूळ तुला झाकून टाकील, त्यांच्या टापा तुझे रस्ते तुडवतील. इथपर्यंत कर्ता 'तो' आहे. बाराव्या वचनात तो 'ते' होतो: ते तुझी संपत्ती लुटतील, तुझे दगड, लाकूड आणि माती पाण्यात टाकतील. आणि शेवटी: तू पुन्हा बांधली जाणार नाहीस.

यातल्या 'तो' आणि 'ते' या एका सर्वनामावर पुढे दोन हजार वर्षं वाद चालले आहेत. त्याकडे वळण्याआधी सत्ताविसाव्या अध्यायापाशी थांबावंसं वाटतं.

शत्रूसाठी रडायची आज्ञा

परमेश्वर संदेष्ट्याला म्हणतो, सोरवर विलाप कर. हिब्रूत याला 'कीना' म्हणतात. मयताच्या वेळी म्हणायचं गाणं. त्याची चाल लंगडी असते, पहिला चरण लांब आणि दुसरा आखूड, जणू म्हणणाऱ्याचा श्वास मध्येच तुटतो.

आता हा माणूस कोण, ते पाहा. तीनच अध्याय मागे, चोविसाव्यात, यहेज्केलची बायको वारते. तिला 'तुझ्या डोळ्यांचं सुख' म्हटलं आहे. सकाळी तो लोकांशी बोलला, संध्याकाळी ती गेली. आणि त्याला हुकूम झाला की रडायचं नाही, डोक्याचा फेटा काढायचा नाही, पायांतले जोडे काढायचे नाहीत, सुतकाचं जेवण घ्यायचं नाही. यरुशलेम पडेल तेव्हा लोक असेच थिजून जातील, याची ती खूण होती. म्हणजे स्वतःच्या बायकोसाठी ज्याला हुंदका देऊ दिला नाही, त्याच माणसाला सोर नगरीसाठी मर्तिकाचं गाणं रचायला सांगितलं. या दोन अध्यायांतलं अंतर मी जेव्हा जेव्हा मोजतो तेव्हा मला राष्ट्रांवरच्या दंडाविषयीचं सोपं बोलणं जमत नाही. ज्या तोंडातून निकाल आला त्याच तोंडातून शोक आला पाहिजे, असा तिथला नियम दिसतो.

विलापगीतात सोर म्हणजे एक जहाज आहे, आणि ते जहाज यहेज्केलने फळी फळी मोजून बांधलं आहे. फळ्या सनीर डोंगरावरच्या झाडांच्या, डोलकाठी लबानोनाच्या देवदाराची, वल्ही बाशानच्या अल्लोन वृक्षांची. डेक कित्तीम बेटांवरच्या लाकडाचा, त्यात हस्तिदंत जडवलेला. शीड मिसरच्या नक्षीदार तलम कापडाचं. वल्हवणारे सीदोन आणि अर्वदचे, सुकाणू सोरच्याच जाणत्यांच्या हाती, आणि फटी बुजवायला गबालचे म्हातारे कसबी.

मग मालाची यादी येते. तार्शीशहून चांदी, लोखंड, कथील आणि शिसं. तोगार्माहून घोडे, स्वारीचे घोडे आणि खेचरं. हस्तिदंत आणि आबनूस. दिमिष्काहून हेल्बोनची द्राक्षारसाची बुधली आणि पांढरी लोकर. शबाहून मसाले, रत्नं आणि सोनं. यहूदा आणि इस्राएल यांच्याकडून मिन्नीथचे गहू, मध, तेल आणि औषधी डिंक. शलमोनाच्या वेळचे गहू आणि तेल अजून त्याच दिशेने जाताहेत, आणि यादीत यहूदा हा एक पुरवठादार म्हणून इतरांच्या रांगेत उभा आहे. प्राचीन पूर्वेच्या व्यापारासाठी इतिहासकार आजही या अध्यायाकडे वळतात, इतकी ती यादी नेटकी आहे. बाबेलच्या कालव्याकाठी बसून हे सगळं याजकाच्या पोराला कसं ठाऊक होतं, याचं मला नवल वाटतं. बंदरात उभं राहून पाहिल्यासारखं त्याने लिहिलं आहे. तिरस्काराने एवढं बारकाईने पाहता येत नाही.

यादीच्या सुरुवातीलाच, तेराव्या वचनात, यावान, तुबाल आणि मेशेख यांच्याकडून येणारा माल दिला आहे: माणसं आणि पितळेची भांडी. एकाच दमात. त्यावर टिप्पणी नाही. यादी पुढे चालू राहते.

मग वल्हवणारे तुला खोल पाण्यात नेतात, पूर्वेचा वारा सुटतो आणि समुद्राच्या मध्यावर जहाज फुटतं. माल, खलाशी, सुकाणूवाले, फटी बुजवणारे, सगळे एकाच दिवशी तळाला जातात. बाकीच्या बंदरांतले खलाशी आपापल्या गलबतांवरून उतरून किनाऱ्यावर उभे राहतात, डोक्यात धूळ घालून रडतात. यात कुठेही 'बरं झालं' नाही.

अठ्ठाविसाव्या अध्यायात सोरच्या राजाची बारी येते. मी देव आहे, समुद्राच्या मध्यभागी देवाच्या आसनावर बसलो आहे, असं त्याचं मन त्याला सांगतं. त्याला एदेन बागेतून काढलेल्या करूबाची, म्हणजे पंख असलेल्या स्वर्गीय रक्षकाची, उपमा दिली आहे, आणि कारण पुन्हा तेच: तुझा व्यापार वाढला तसा तू आतून जुलमाने भरलास.

प्रत्यक्षात काय झालं

नबुखद्रेस्सर आला. योसेफसने जतन केलेल्या फिनिकी नोंदीप्रमाणे सोरचा राजा इथोबाल याच्या काळात वेढा पडला आणि तो तेरा वर्षं चालला, साधारण इ.स.पू. ५८५ ते ५७३. बाबेलचा स्वतःचा वृत्तांत इथे मदतीला येत नाही, कारण मातीच्या विटांवरच्या ज्या बखरीत यरुशलेमच्या पहिल्या पाडावाची तारीख मिळते ती इ.स.पू. ५९४ च्या आसपास तुटते आणि पुढचा तुकडा जवळजवळ चार दशकांनंतरचा आहे.

तेरा वर्षांनी सोरने मान तुकवली असं दिसतं. इथोबालनंतर बाल नावाचा राजा आला, मग काही वर्षं राजाऐवजी न्यायाधीशांनी कारभार पाहिला, आणि त्यापुढचा राजा सोरकरांनी बाबेलहून मागवून घेतला. राजघराण्यातली माणसं बाबेलला ओलीस होती, असा त्याचा अर्थ. म्हणजे स्वातंत्र्य गेलं. पण बेटावरची भिंत फुटली, घोड्यांच्या टापांनी रस्ते तुडवले, लूट झाली, नगरी उजाड झाली, याचा मागमूस नाही. किनाऱ्यावरच्या उपनगरांना सव्विसाव्या अध्यायातलं वर्णन लागू पडतं; बेटाला नाही. मातीचा चढ आणि धडका देणारी यंत्रं पाण्यातल्या गावापुढे काय करणार? जेरोम हा चौथ्या-पाचव्या शतकातला भाष्यकार सांगतो की सोरकरांनी किमती माल जहाजांत भरून आधीच हलवला होता, त्यामुळे हाती काही लागलं नाही. समुद्र ज्याच्या ताब्यात, त्याला वेढा कसला.

इ.स.पू. ५७१ च्या नववर्षाच्या दिवशी ते वचन येतं. सव्विसाव्या अध्यायापासून जवळपास सोळा वर्षांनी. संपूर्ण पुस्तकातली ही सर्वांत उशिराची तारीख आहे, चाळिसाव्या अध्यायातल्या मंदिराच्या दर्शनाहूनही नंतरची.

त्यातले शब्द जवळून पाहण्यासारखे आहेत. टक्कल पडलेली डोकी आणि सोलवटलेले खांदे, यात तलवार कुठेच नाही. हे लढाईचे व्रण नाहीत, ओझ्याचे आहेत. डोक्यावरून मातीच्या पाट्या आणि खांद्यावरून ओंडके वाहून, ऊन आणि खारा वारा यांत तेरा वर्षं गेली तर शरीराचं जे होतं ते. आपल्याकडे बाजार समितीत पोती वाहणाऱ्या हमालाचा खांदा ज्याने पाहिला आहे त्याला ही ओळ समजावून सांगावी लागत नाही. आणि पुढचा शब्द 'साखार', मजुरी. रोजंदारीवर लावलेल्या माणसाला दिवस मावळताना द्यायचा तो पैसा. मोशेच्या नियमशास्त्रात मजुराची मजुरी रात्रभर अडवून ठेवायला मनाई आहे. इथे परमेश्वर त्या नियमाच्या चौकटीत स्वतःला उभा करतो: मी या राजाला कामाला लावलं, याचे लोक माझ्यासाठी राबले, आणि मजुरी थकली. म्हणून मिसर देश त्याला देतो, त्याची लूट सैन्याची मजुरी होईल.

यहूदाला जाळणाऱ्या सैन्याच्या खांद्यांवरचे वळ यहेज्केल मोजतो. आपल्या देशाचा सत्यानाश करणाऱ्याचं देणं राहिलं असं लिहायला किती मोठं मन लागत असेल.

मिसरचं तरी पुढे काय झालं? नबुखद्रेस्सराच्या सदतिसाव्या वर्षी, इ.स.पू. ५६८-५६७ मध्ये, मिसरच्या अमासिस राजाशी काही चकमक झाल्याचा उल्लेख एका फुटक्या मातीच्या पाटीवर आहे. पण त्याच एकोणतिसाव्या अध्यायात सांगितलं होतं तसा मिसर चाळीस वर्षं ओसाड पडला नाही. अमासिसने इ.स.पू. ५२६ पर्यंत राज्य केलं आणि ग्रीक इतिहासकार हिरोडोटस त्याचा काळ भरभराटीचा म्हणून सांगतो. म्हणजे दुरुस्तीच्या वचनालाही तोच प्रश्न चिकटतो.

अलेक्झांडरची पळवाट

आता अभ्यासवर्गातल्या काकांच्या उत्तराकडे. इ.स.पू. ३३२ मध्ये अलेक्झांडरने सोरला सात महिने वेढा घातला. किनाऱ्यावरच्या जुन्या वस्तीचे दगड आणि लाकूडफाटा समुद्रात टाकून त्याने बेटापर्यंत बांध घातला, नौदल जमवलं आणि भिंत फोडली. अलेक्झांडरचा चरित्रकार एरियन याच्या आकड्यांप्रमाणे सुमारे ८,००० सोरकर मारले गेले आणि ३०,००० जण गुलाम म्हणून विकले गेले. त्या बांधाला गाळ लागत गेला, आणि बेट कायमचं किनाऱ्याला जोडलं गेलं. आजचं सूर हे त्या गाळावर वसलेलं भूशिर आहे.

'तुझे दगड, लाकूड आणि माती पाण्यात टाकतील' या ओळीशी हे इतकं जुळतं की मोह होतोच. 'तो' म्हणजे नबुखद्रेस्सर, 'ते' म्हणजे नंतरची राष्ट्रं. लाटांसारखी एकामागून एक. शेवटची लाट अलेक्झांडरची. हे वाचन मूर्खपणाचं नाही. तिसऱ्या वचनात 'पुष्कळ राष्ट्रं' आणि 'लाटा' हे शब्द खरोखर आहेत, आणि त्यांना मी हलकं समजत नाही.

तरीही मला ते उत्तर पुरत नाही. एक तर अलेक्झांडरनंतरही सोर उठली. अठरा वर्षांच्या आत तिची तटबंदी इतकी भक्कम होती की अलेक्झांडरचाच सेनापती अँटिगोनस याला ती घ्यायला पंधरा महिने लागले. रोमन काळात तिथे घोड्यांच्या शर्यतींचं प्रचंड मैदान बांधलं गेलं, त्याचे अवशेष आजही उभे आहेत. नव्या करारातल्या प्रेषितांच्या कृत्यांत ख्रिस्ती प्रचारक पौल सोरला उतरतो, तिथल्या शिष्यांबरोबर सात दिवस राहतो, आणि निघताना बायकापोरं त्याला समुद्रकाठापर्यंत पोहोचवायला येतात. ११२४ मध्ये धर्मयोद्ध्यांनी ती घेतली, १२९१ मध्ये मिसरच्या मामलूक सुलतानांनी. १९८४ पासून तिथले अवशेष जागतिक वारशाच्या यादीत आहेत. 'पुन्हा बांधली जाणार नाहीस' याचा शब्दशः हिशेब लावायला गेलं की तो लागत नाही. नगरीचं नावसुद्धा बदललेलं नाही.

दुसरं आणि माझ्या दृष्टीने अधिक मोलाचं: अलेक्झांडरला साक्षीला बोलावलं की एकोणतिसाव्या अध्यायातली ती चार वचनं बिनकामाची होतात. यहेज्केलला अडीचशे वर्षांनंतरच्या मॅसेडोनियन राजाची वाट पाहायची नव्हती. त्याच्या ऐकणाऱ्यांनाही नव्हती. खबार कालव्याकाठच्या वस्तीत सोरच्या वेढ्याच्या बातम्या पोहोचत असणारच. सोरहून आणलेल्या लोकांचीही एक वस्ती त्याच निप्पूर भागात होती, तिचं नावच 'सुर्रू', असं बाबेलच्या व्यवहारांच्या पाट्यांवरून कळतं. तेव्हा नगरी लुटली गेली नाही ही गोष्ट झाकण्यासारखी नव्हती. संदेष्ट्याने ती झाकली नाही. देवाच्या नावाने, तारीख टाकून, त्याने ती सांगितली.

आणि ज्यांनी हे पुस्तक पुढे हाताळलं त्यांनी काय केलं? सव्विसावा अध्याय खोडला असता तर काम सोपं होतं. किंवा एकोणतिसाव्यातली वचनं गाळली असती तर मग अलेक्झांडरनंतर कोणी प्रश्नच विचारला नसता. मोशेच्या नियमशास्त्रातल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकाच्या अठराव्या अध्यायात खोट्या संदेष्ट्याची कसोटी दिलेली आहे: परमेश्वराच्या नावाने सांगितलेलं घडलं नाही तर ते वचन परमेश्वराचं नव्हे. ही कसोटी त्या लेखकूंना पाठ होती. तरी त्यांनी दोन्ही ठेवलं, तीन अध्यायांच्या अंतरावर, कोणाही वाचकाच्या बोटाला सापडेल असं.

निवाडा म्हणजे मग काय

त्यांना हे कसं पेललं, याचं उत्तर इतर संदेष्ट्यांकडे अंशतः मिळतं. यिर्मया कुंभाराच्या घरी जातो, चाकावर बिघडलेलं मडकं कुंभार पुन्हा वळतो ते पाहतो, आणि वचन येतं: एखाद्या राष्ट्राला उपटून टाकीन असं मी म्हटलं आणि ते राष्ट्र वळलं, तर मी योजलेल्या अनिष्टाविषयी माझं मन बदलेल. योना संदेष्ट्याने अश्शूरच्या निनवे नगरीला नाशाआधी चाळीस दिवसांची मुदत दिली, तिथले लोक वळले, आणि ती मुदत उलटून गेली. म्हणजे राष्ट्रावरचा निवाडा हा पंचांगातल्या ग्रहणासारखा नसतो. बोलणारा आणि ऐकणारा यांच्यात तो अजून चालू असतो.

पण सोर वळली, असं यहेज्केल म्हणत नाही. म्हणून ही किल्लीही या कुलपाला पुरती बसत नाही, आणि ती जबरदस्तीने फिरवू नये असं मला वाटतं. इथे घडलं ते इतकंच की ज्याच्या हातून दंड द्यायचा तो हात थकला. बाबेल हे देवाचं हत्यार असेल, पण ते माणसांचं बनलेलं होतं, त्याला खांदे होते, आणि खांद्यांना मर्यादा होती. यशया संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या दहाव्या अध्यायात अश्शूरला कुऱ्हाड म्हटलं आहे, आणि कुऱ्हाडीने लाकूडतोड्यापुढे फुशारकी मारू नये अशी ताकीद दिली आहे. यहेज्केल त्याच्या उलट बाजूला बोट ठेवतो: कुऱ्हाड बोथट होते, आणि तिचाही हिशेब द्यावा लागतो.

सोरचाच दुसरा शेवट यशयाच्या तेविसाव्या अध्यायात आहे. तिथे सत्तर वर्षं विसरलेली सोर पुन्हा उठते. विसरल्या गेलेल्या नायकिणीसारखी वीणा घेऊन गावातून फिरते, पुन्हा सगळ्या राज्यांशी धंदा करते. आणि तिची कमाई साठवली जाणार नाही, परमेश्वरापुढे राहणाऱ्यांच्या पोटभर जेवणासाठी आणि चांगल्या वस्त्रांसाठी ती खर्च होईल. एकाच नगरीचे हे दोन शेवट एकाच ग्रंथसंग्रहात शेजारी शेजारी नांदतात.

नव्या कराराच्या शेवटच्या पुस्तकात, प्रकटीकरणाच्या अठराव्या अध्यायात, रोमवर निवाडा सांगताना लेखकाने यहेज्केलची मालाची यादी उचलली. सोनं, चांदी, तलम कापड, जांभळं वस्त्र, हस्तिदंत, गहू, घोडे, रथ, आणि यादीच्या अगदी शेवटी माणसांचे जीव. यहेज्केलकडे जी गोष्ट मध्येच, पितळेच्या भांड्यांशेजारी, आली होती ती त्याने शेवटी आणून ठेवली, वाचणाऱ्याला तिथेच थांबावं लागेल अशी.

त्या मुलीच्या प्रश्नाला माझं उत्तर आता असं आहे: हो, तिथे सांगितलं तसं झालं नाही, आणि हे तुझ्याआधी यहेज्केलने पाहिलं. आरोप मात्र त्याने मागे घेतला नाही. लूट हाती लागली का नाही, यावर 'बरं झालं' या शब्दांचा खरेखोटेपणा अवलंबून नव्हता. शेजाऱ्याच्या राखेत सोरने आपला नफा शोधला होता, तो इ.स.पू. ५८६ मध्ये जितका गुन्हा होता तितकाच ५७१ मध्येही होता.

दुरुस्तीच्या त्या मजकुरात मजुरीची आणि मिसरची गोष्ट विसाव्या वचनात संपते. त्यानंतर आणखी एक वचन आहे, आणि ते कोणत्याही राष्ट्राविषयी नाही. त्या दिवशी मी इस्राएल घराण्यासाठी एक शिंग, म्हणजे सामर्थ्य, उगवीन, असं परमेश्वर म्हणतो, आणि मग थेट यहेज्केलकडे वळून सांगतो की त्यांच्यामध्ये मी तुझं तोंड उघडीन. तेव्हा बंदिवासाला सव्वीस वर्षं होऊन गेली होती. बंदिवासाच्या पाचव्या वर्षी पहिलं दर्शन झालेला तो तरुण याजक आता उतारवयाकडे झुकला होता, आणि सोरवरचं आपलं वचन पुरं झालं नाही हे त्याने नुकतंच चारचौघांत उच्चारलं होतं.